पेट्रोलचं की बॅटरीचं? गटाने गवत कापायचं मशीन घेताना

आम्ही आनंदनगरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आनंदनगर म्हणजे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत. एकीकडे कंपन्यांची आवारं, दुसरीकडे नव्या नव्या सोसायट्या, आणि थोडं पुढे बारवी-मुरबाडच्या बाजूला गेलं की भातखाचरं, आंब्याच्या वाड्या आणि मुंबईकरांची फार्महाऊस. मृगाचा पाऊस पडला की या सगळ्या जागांवर एकच पीक जोमात येतं, ते म्हणजे गवत. आषाढात घोट्याएवढं, श्रावणात गुडघ्याएवढं, आणि भाद्रपदात बघावं तर कमरेला लागतं.

हे गवत काढायचं काम आपल्या बायकांचंच. आता ठिकठिकाणी गटांपुढे प्रश्न आलाय, की विळा बाजूला ठेवून मशीन घ्यायचं का? आणि घ्यायचं तर पेट्रोलवर चालणारं की बॅटरीवरचं? दुकानदार सांगतो हे घ्या, भाचा मोबाईलवर दाखवतो ते घ्या. पैसे मात्र गटाचे जाणार आणि हप्ता आपल्याला भरायचा. म्हणून आज या एकाच विषयावर बोलू.

आधी मशीन म्हणजे काय ते बघू. लांब दांडा, एका टोकाला इंजिन किंवा बॅटरी, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं डोकं. त्या डोक्यात नायलॉनची जाड दोरी बसवतात. वेगाने फिरणारी दोरी गवत सपासप तोडते. ही युक्ती १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस नावाच्या माणसाला सुचली. गाडी धुवायच्या यंत्रातले फिरणारे ब्रश बघून त्याने एका रिकाम्या डब्याला मासे पकडायची दोरी बांधली आणि तो डबा फिरवून पाहिला. आपल्याकडे या मशीनला ग्रास कटर म्हणतात, कोणी ब्रश कटर म्हणतात. दोरीच्या जागी लोखंडी पातंही लावता येतं, पण ते पेलायला ताकदीचं मशीन लागतं.

आता पेट्रोलच्या मशीनबद्दल. यात दोन प्रकार आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. किती, ते मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली, पंचविसास एक असेल तर लिटरला ४० मिली. हे मापाच्या बाटलीनेच घ्यायचं, अंदाजाने ओतायचं नाही. ऑइल कमी पडलं तर इंजिन आतून घासून जाम होतं, जास्त झालं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलची जागा वेगळी असते, मिसळायची कटकट नाही, धूर कमी, पेट्रोलही कमी लागतं. मात्र ते महाग असतं आणि त्याचं ऑइल वेळच्या वेळी बदलावं लागतं.

पेट्रोल मशीनचा मोठा गुण म्हणजे जोर. कमरेएवढं भिजलेलं गवत, घाणेरीची झुडपं, बांधावरचं जुनं रान, सगळं ते काढतं. टाकी संपली की पुन्हा भरली, काम चालू. वीज नसलेल्या माळावरही चालतं. दोष म्हणाल तर वजन सात-आठ किलो, तेही दिवसभर खांद्याच्या पट्ट्यावर. दोरी ओढून चालू करावं लागतं, आणि इंजिन गार असलं की चार-पाच झटके द्यावे लागतात. धूर, आवाज आणि हाताला बसणारी थरथर वेगळी. थरथरीमुळे संध्याकाळी बोटं बधिर होतात. वर्षानुवर्षं असंच काम केलं तर तो बधिरपणा कायमचा राहू शकतो.

आणखी एक गोष्ट. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती दमट असते ते सांगायला नको. ऑइल मिसळलेलं पेट्रोल डब्यात महिना महिना ठेवलं तर पुढच्या वेळी मशीन चालू होत नाही, आणि मिस्त्री कार्बोरेटर उघडायचे पैसे घेतो. म्हणून लागेल तेवढंच मिसळावं, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच मशीन ठेवावं.

आता बॅटरीचं. बटण दाबलं की चालू. वजनाला हलकं, छोटी मशीनं दोन-तीन किलोची, मोठी चार ते सहा किलोची. धूर नाही, पेट्रोल आणायला पंपावर जायला नको. आवाज कमी असल्याने शाळेत, दवाखान्याच्या आवारात, सोसायटीत सकाळी काम केलं तर कोणी खिडकीतून ओरडत नाही. ज्या बाईने आयुष्यात इंजिनाला हात लावला नाही, तीही अर्ध्या तासात हे मशीन शिकते.

पण इथेच फसायला होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात व्होल्टचा मोठा आकडा छापलेला असतो. तो बघून भुलू नका. बॅटरीवर दोन आकडे शोधा, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार केला की तिच्यात किती वीज मावते ते कळतं, त्याला वॉट-अवर म्हणतात. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे १८० वॉट-अवर. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे फक्त ३६. पहिली बॅटरी दुसरीच्या पाचपट आहे. ही दुसरी अंगणातल्या तुळशीभोवतीचं गवत काढेल, भाद्रपदातल्या माळावर ती दहा-पंधरा मिनिटांत मान टाकेल. विकत घेताना दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, वॉट-अवर किती?" त्याला उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

१८० वॉट-अवरची बॅटरी दाट गवतात साधारण अर्धा तास चालते, विरळ गवतात जास्त. पुन्हा चार्ज व्हायला चार्जर कसा आहे त्यावर एक ते दोन तास. आता आपण गटाच्या बैठकीत मांडतो तसा हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्याकडचे भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा.

पेट्रोल मशीनला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभरच्या वर आहे. म्हणजे ऑइल धरून तासाला ८० ते ८५ रुपये, अर्ध्या तासाला ४० च्या वर. बॅटरी एकदा चार्ज करायला पाव युनिटपेक्षा कमीच वीज जाते, म्हणजे दोन-अडीच रुपये. बघून वाटतं, बॅटरीने बाजी मारली! पण थांबा. बॅटरी झिजते. काही शे वेळा चार्ज केल्यावर तिचा दम कमी होतो. समजा बॅटरी ६,००० रुपयांची आहे आणि ५०० वेळा चार्ज झाली. मग दर चार्जला बॅटरीच्या किमतीचेच १२ रुपये गेले. वीज धरून झाले साधारण १५. तरीही पेट्रोलच्या ४० पेक्षा कमीच, पण दुकानदार म्हणतो तसं "खर्चच नाही" असं काही नाही. आणि ती दुसरी बॅटरी घ्यायला गटाकडे पैसे बाजूला ठेवलेले असायला हवेत. दर कामामागे १५ रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर वेळेला कर्ज काढावं लागत नाही.

आता दिवसाचं काम बघा. मशीन दिवसात प्रत्यक्ष चार तास चालवायचं असेल, तर अशा बॅटऱ्या आठ वेळा भराव्या लागतील. दोन बॅटऱ्यांवर ते जमत नाही, चार लागतील आणि जवळ चार्ज करायची सोय लागेल. चार बॅटऱ्यांचे पैसे घातले की मशीनपेक्षा बॅटऱ्याच महाग. पण काम दीड-दोन तासांचं असेल, म्हणजे एखाद्या सोसायटीची बाग, शाळेचं आवार, दवाखान्याची कडेची पट्टी, तर दोन बॅटऱ्या पुरतात. एक चालते तोवर दुसरी सोसायटीच्याच प्लगवर लावायची, चहा घ्यायचा, पुन्हा काम. प्लग मिळेल का, हे काम ठरवतानाच विचारून घ्यायचं.

म्हणून आमचं म्हणणं असं. मशीन निवडण्याआधी काम निवडा. वहीत गेल्या पावसाळ्यातली कामं लिहून काढा. कुठे, किती गुंठे, गवत केवढं, वीज होती का. निम्म्याहून जास्त कामं सोसायटी-शाळेसारखी असतील तर बॅटरीचं चांगलं मशीन आणि दोन बॅटऱ्या. निम्म्याहून जास्त वाड्या, बांध, मोकळे प्लॉट असतील तर पेट्रोलचं, आणि झेपत असेल तर फोर-स्ट्रोक. वही रिकामीच असेल तर काहीच विकत घेऊ नका. एक हंगाम भाड्याने आणा, कामं मिळतात का ते बघा, मग ठरवा.

पावसाचंही बोलू. कोसळत्या पावसात कोणतंच मशीन चालवू नये. पायाखाली निसरडं असतं आणि समोरचा दगड दिसत नाही. बॅटरी आणि चार्जर तर भिजवायचाच नाही. वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या. चुलीजवळ, पत्र्याखाली तापणाऱ्या जागी ठेवू नका. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. हंगाम संपला की अर्धी भरलेली ठेवा. आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, वादळात जाते. म्हणून कामाच्या आदल्या रात्रीच सगळ्या बॅटऱ्या भरून ठेवा.

आमच्यासारख्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. रसायनाच्या कारखान्यात टाक्यांच्या आसपास सुकलेलं गवत ठेवत नाहीत, कारण ते पेट घेतं. ते काढायचं काम आपल्याला मिळतं. पण तिथे पेट्रोलचं इंजिन गरम असतं, पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि साध्या बॅटरी मशीनच्या मोटारीतही ठिणगी होऊ शकते. बॅटरीचं आहे म्हणून सुरक्षित, असं तिथे समजू नका. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय मशीन आत न्यायचं नाही. टाक्यांजवळ आपला विळाच बरा.

आता अंगावरच्या कपड्यांचं. साडी नेसून हे मशीन चालवू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. पदर, ओढणी, सुटे केस, लांब मंगळसूत्र, काही क्षणात ओढलं जातं. पूर्ण पायाची पॅंट किंवा सलवार, लांब बाह्यांचा सदरा, केस बांधून टोपीत, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण दोरी खडे आणि काचा गोळीसारख्या उडवते. मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणी येऊ नये, मुलं तर मुळीच नकोत. दोरी संपली म्हणून डोक्यात लोखंडी तार बांधायचा जुगाड करू नका. ती तुटून उडाली तर पोटात शिरेल.

कानांचंही तेच. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम चालतं असं तज्ज्ञ मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला फक्त अर्धा तास. पेट्रोल मशीनचा आवाज कानाशी ९५ च्या पुढे सहज जातो. कापसाचे बोळे पुरत नाहीत, कानावर बसणारे संरक्षक घ्या. मशीनच्या किमतीत हा चष्मा, बूट आणि कानाचा खर्च धरूनच हिशोब करा.

गवतात नाग, मण्यार, घोणस, फुरसं असतं. काम सुरू करण्याआधी काठीने रान चाळवा, गमबूट घाला, दगडांच्या राशीत हात घालू नका. कोणाला चावलंच तर भगताकडे न नेता १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या. मशीन कोणतंही असो, हा नियम एकच.

दोन नुकसानं अशी आहेत की जी दुकानात कोणी सांगत नाही. पहिलं, नायलॉनची दोरी झिजते तेव्हा तिचे बारीक तुकडे गवतातच पडतात. ते गवत म्हशीला घातलं तर प्लास्टिक तिच्या पोटात जातं. चाऱ्यासाठी गवत कापायचं असेल तर लोखंडी पातं लावा, नाहीतर विळ्याने कापा. दुसरं, कोवळ्या कलमाच्या बुंध्याला दोरी लागली की साल गोल सोलली जाते आणि झाड उभं वाळतं. वाडीतलं एक कलम गेलं तर मालक पुढच्या वर्षी बोलावणार नाही. बुंध्याभोवती हातभर जागा खुरप्यानेच काढायची.

अनुदानाचं विचारता, म्हणून सांगतो. शेतीची यंत्रं घ्यायला कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून मदत मिळते, आणि महिला शेतकऱ्यांना ती जास्त प्रमाणात मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. महत्त्वाचं म्हणजे पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्यावरच मशीन घ्यायचं. आधी घेतलं आणि मग बिल लावलं तर अनुदान मिळत नाही. तुम्हाला हवं ते यंत्र यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. सातबारा आपल्या नावावर आहे का हा प्रश्न तिथे निघेलच. तो निघाला की घरातही काढा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. मशीन आलं की काम कोणाच्या हातात जातं? विळा होता तोवर गवत बायकांचं. इंजिन आलं की घरातला मुलगा म्हणतो, "आई, तुला नाही जमणार, मी चालवतो." मग काम त्याचं, पैसे त्याचे, आणि कर्ज मात्र गटाचं. म्हणून ठराव करा. गटाच्या मशीनवर गटातल्याच दोघी-तिघी शिकतील, आणि दोरी बदलणं, प्लग साफ करणं, बॅटरी सांभाळणं हेही त्याच करतील. दोन मशीनं सारखीच उपयोगी वाटत असतील तर जे आपल्यातल्या जास्त बायकांना पेलवेल ते घ्या. खांद्यावर सात किलो ज्या बाईला झेपत नाही, तिच्यासाठी चार किलोचं मशीन म्हणजे रोजगार.

आणि दर. आपल्या ठाणे जिल्ह्यात गवत कापणीच्या मजुरीला मोठा इतिहास आहे. १९४५ साली डहाणू-तलासरीच्या भागात, जो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, वारली बायापुरुषांनी ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागून संप केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि माणसं मेली, तरी लोक मागे हटले नाहीत. त्यांनी मजुरी मागितली ती कापलेल्या गवताच्या वजनावर. आपणही तेच ध्यानात ठेवू. मशीनने तिघींचं दिवसाचं काम दोन तासांत होतं. तुम्ही हजेरीवर गेलात तर मशीनचा सगळा फायदा मालकाचा. म्हणून दर गुंठ्यावर ठरवा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. जागा दोरीने मोजा, गवत बघा, दर सांगा, कागदावर सही घ्या.

शेवटी त्या दोघींचं, ज्यांचं काम मशीनने घेतलं. वाडीतल्या ज्या ठाकूर-कातकरी बायका आपल्याबरोबर विळा घेऊन यायच्या, त्यांना घरी बसवून आपण पुढे गेलो तर तो गट कसला? मशीन फक्त कापतं. गवत ओढणं, भारे बांधणं, कडेकोपरे आणि बुंध्याजवळची जागा साफ करणं, खड्ड्यात टाकून खत करणं, हे हातानेच होतं. गुंठ्याचा दर ठरवताना या हातांची मजुरी त्यात आधी धरा, मग मशीनचा खर्च, मग गटाचा नफा. या क्रमाने मांडलेला हिशोब ज्या मशीनवर जमतो, ते मशीन तुमच्या गटाचं.

पुढच्या बैठकीत वही उघडा आणि गेल्या पावसाळ्यातल्या कामांची यादी करा. दुकानात जायच्या आधी ती यादी सगळ्यांनी मिळून वाचा.